टाळूवरचा हात

पारनेर,
९ जानेवारी १९७३

मुक्ता,

हवा छातीत भरली, तर बाळाची टाळू का फुगते?

हा प्रश्न माझा नाही. राहीबाई नावाच्या एका आजीने तो मला भर वॉर्डात विचारला, आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तिची सून मालन दुष्काळी कामावर खडी फोडताना अडली. मुलगी झाली, दिवस पुरे न भरलेली. ओंजळीत मावेल एवढी. ती मधूनच श्वास घ्यायला विसरते. विसरली की नाकातोंडावर मास्क धरायचा आणि रबरी पिशवी दाबून तिला हवा द्यायची. आमच्याकडे माणसं कमी, म्हणून नातेवाईक आळीपाळीने बसतात. आम्ही एकदा दाखवून देतो, मग आई, बाप, आत्या, जो असेल तो पिशवी दाबतो.

राहीबाई नातीच्या टाळूवर तेल घालत होती. आम्ही नको म्हणतो, तरी त्या घालतातच. बाप पिशवी दाबत होता. आजी एकदम म्हणाली, "बाई, ह्यानं पिशवी दाबली का टाळू वर येती. सोडली का खाली बसती. हवा तिकडं बी जाती का काय?"

मी म्हटलं, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर बसवायचं, हे आपण कॉलेजात कोणाकडून शिकलो ते तुला आठवत असेल. पण नंतर मी स्वतः बोट ठेवून पाहिलं. आजीचं खरं होतं. बापाने जरा जास्त जोर लावला होता एवढंच.

तू लंडनमध्ये अशाच बाळांच्या वॉर्डात आहेस, म्हणून तुला लिहिते आहे. तू गेलीस तेव्हापासून मी पत्र लिहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. तुझी पत्रं मात्र येतात, ती आमच्या मोठ्या डॉक्टर दयाबाईंच्या नावाने. त्या ती चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. पांढरा कोट घालून काचेच्या पेटीशेजारी उभी असलेली तू आमच्या ड्यूटीच्या खोलीत भिंतीवर आहेस. माझी पदवी तिथेच होती. ती आता कपाटावर, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

मी विचारते आहे त्याला कारण आहे. परदेशातली एक ख्रिस्ती मंडळी आमच्या दवाखान्याला श्वासाचं यंत्र देणार आहे. अगदी नवं नाही, पण चालू. ते आलं की माझ्या हाती सोपवायचं ठरलं आहे. तेव्हा मला हे माहीत असायला हवं. फक्त उत्तर लिही. तिथल्या बर्फाचं वर्णन नको.

रेबेका


पारनेर,
४ फेब्रुवारी १९७३

मुक्ता,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. निळ्या हवाई पत्राच्या कडांवरसुद्धा लिहिलं आहेस. तुझं अक्षर तसंच आहे, पुढे झुकलेलं, गाडी पकडायला निघालेल्या बाईसारखं.

उत्तर मला समजलं. डोक्यातलं रक्त मानेतून छातीकडे उतरतं. छातीत हवा दाबून भरली की तो उतार अडतो. वर जाणारं रक्त जातच राहतं, खाली येणारं तुंबतं, म्हणून टाळू वर येते. आणि दिवस न भरलेल्या बाळाच्या मेंदूतल्या शिरा कांद्याच्या पापुद्र्याइतक्या नाजूक असतात. तू लिहिलंस, "पाटाला पुढे दार लावलं की मागे पाणी तुंबतं, तसं." पाट तुलाच सुचणार. तुमच्या पुणतांब्याला गोदावरी आहे, ऊस आहे, पाट आहे. आमच्या पारनेरात या वर्षी प्यायचं पाणी टँकरने येतं. मी ते वाचलं आणि आधी रागच आला. पाट दुसऱ्यांदा वाचताना दिसला.

दुसरी गोष्ट मला नवी होती. फार जोरात, फार भराभर हवा दिली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मोठ्या माणसांत हे सिद्ध झालं आहे, एवढ्या लहान बाळांत अजून कोणी नीट मोजलेलं नाही, असं तू लिहिलंस. आणि खाली एक ओळ: "बाळ गुलाबी दिसतं, आणि मेंदू उपाशी असतो."

ती ओळ तू लिहायला नको होतीस.

तू विचारतेस, त्या बापाला पिशवी दाबायला कोणी शिकवलं. मी. मी शिकवलं. तुला हेच ऐकायचं होतं ना?

त्याचं नाव सहादेव. एसटी स्टँडपाशी त्याचं सायकलचं दुकान होतं. दुष्काळात गिऱ्हाईक तुटलं, म्हणून नवराबायको खडीवर गेली. मी त्याला पिशवी दिली आणि म्हटलं, "पोरगी गुलाबी राहिली पाहिजे. निळी पडायला लागली की जोर वाढव." तो हसला. म्हणाला, "म्हंजे पंपावानीच की, बाई. टायर नरम ठिवून चालत न्हाई." मीही हसले आणि म्हणाले, "हो, तसंच." त्याने मन लावून तसंच केलं. मुलगी छान गुलाबी होती. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत होते.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं. त्या आठवड्यात तिच्या डाव्या हाताला झटके येऊन गेले. औषधाने थांबले. आता ती स्वतः श्वास घेते, आईच्या अंगावर पिते. घरी गेली आहे.

तुझ्या वॉर्डात बाप यंत्राला हातही लावत नसतील. तिथे चुकायला माणसंच नसतात. असल्या ठिकाणी शहाणपण सुचणं सोपं आहे.

रेबेका


पारनेर,
२७ फेब्रुवारी १९७३

मुक्ता,

यंत्र आलं. मुंबईच्या गोदीतून ट्रकने, फळ्यांच्या भक्कम खोक्यात. अर्धं गाव बघायला जमलं होतं. कोणी म्हणालं सिनेमाचं मशीन आहे, कोणी म्हणालं पाणी शोधायचं. माझे वडील शाळेतून परस्पर आले. तुला अण्णा आठवतात ना, त्यांनी हॉस्टेलवर येऊन तुला नमस्कार केला होता आणि तू लाजली होतीस. मिशनच्या शाळेत सातवी झालेला मास्तर. त्यांनी खोक्यावर हात ठेवला आणि कोणालाच न उद्देशून म्हणाले, "हे आमची रेबेका चालवणार." रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर त्यांनी ते उभं राहून सगळ्या मंडळीला सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मला नाही. दयाबाईंना.

त्यांनी ते या वेळी मोठ्याने वाचलं नाही. माझ्या हातात दिलं. तू लिहिलं होतंस की रक्तातले वायू मोजायची सोय नसेल, दिवसभर भरवशाची वीज नसेल, तर हे यंत्र बाळाला लावू नये. लावणं हे न लावण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. तुमच्याकडेही यंत्रावरची काही बाळं जातात आणि नंतर मेंदूत रक्तस्राव सापडतो. शेवटी, "रेबीला वाईट वाटेल, पण तिला समजावून सांगा."

मला समजावून सांगायला तू दुसऱ्या माणसाला लिहितेस?

मी तुला काय वाटलं ते सरळच लिहिते. मला वाटलं, हिला लंडन मिळालं, फोटो मिळाला, भिंत मिळाली, आणि आता माझ्या दारात आलेलं एक खोकं हिला बघवत नाही. यंत्र तिच्या हातात असेल तर ते विज्ञान. माझ्या हातात आलं की धोका.

लंडनची ती शिष्यवृत्ती एकच होती. मुलाखतीला आपण एकाच बाकावर बसलो होतो. तुझे दोन्ही भाऊ पदवीधर, घरात इंग्रजी पेपर यायचा. माझ्या घरात अर्जावर 'पदवी' हा रकाना भरणारी मी पहिलीच. तू आत गेलीस आणि आतून हसण्याचा आवाज आला, परीक्षकांचाही. मी गेले तेव्हा कोणी हसलं नाही. त्यात तुझी काही चूक नव्हती, आणि तेच मला जास्त लागतं. तू पुणतांब्याहून आणलेला तुपाचा डबा खोलीत उघडा ठेवायचीस, "घे गं, विचारतेस काय?" म्हणायचीस. मी घ्यायची. आज आठवतं तेव्हा मला ते तूपसुद्धा सहन होत नाही.

लोक विचारतात, तुम्ही शहर सोडून इथे कशा राहिलात? मी म्हणते, सेवेसाठी. ते खोटं नाही. पण आधी माझी निवड झाली नाही, आणि सेवा मग आली.

यंत्राचं उद्घाटन ईस्टरनंतर आहे. मी ते चालवायला शिकणार आहे.

रेबेका


पारनेर,
२२ मार्च १९७३

मुक्ता,

मी यंत्र चालवायला शिकले. पुस्तिका इंग्रजीत होती, ती वाचून सगळं जोडलं. बाळ म्हणून फुटबॉलच्या आतला ब्लॅडर लावला. यंत्र सुरू झालं, आणि काय सुंदर चालतं गं! आवाज ठेक्यात, दांडा वर, दांडा खाली. कुठे घाई नाही, दमणं नाही. मी ब्लॅडर तळहातावर धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, आता बघू दे तिला.

मग मी तो ब्लॅडर हळूच दाबून धरला. बघायचं होतं, यंत्र काय करतं. यंत्राने काहीच केलं नाही. आकडा लावला होता तेवढी हवा त्याने माझ्या बोटांच्या विरुद्ध भरलीच. समोरचं आता नको म्हणतंय, हे त्याला कळायची सोयच नव्हती. कळलं असतं ते मला. माझ्याकडे त्यासाठी काय होतं? डोळे होते, आणि ते गुलाबी रंग बघायला शिकलेले.

एवढ्यात वीज गेली. दांडा अर्ध्यावर थांबला. संध्याकाळपर्यंत ती आली नाही.

दयाबाई दारात उभ्या होत्या, केव्हापासून माहीत नाही. मी म्हणाले, "टाळू बघायची असते हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर."

त्या म्हणाल्या, "मुक्ताने सांगितलं होतं. नाताळच्या आधीच्या पत्रात. मी वाचलं की मोठ्याने."

"मी नव्हते तेव्हा."

"होतीस. कप विसळायला उठलीस. तिचं पत्र काढलं की तू कप विसळायला उठतेस, रेबेका. सगळ्यांचे विसळतेस. माझा तर कितीदा अर्धा भरलेला नेला आहेस."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही.

काल सहादेव मुलीला घेऊन आला. अंगाने भरली आहे. आजीने काळी तीट एवढी मोठी लावली होती की अर्धं कपाळ झाकलं होतं. पण डाव्या हाताची मूठ उघडत नाही. मी माझं बोट आत घालून पाहिलं. उजवी मूठ सुटते, डावी घट्ट. सहादेव बघत होता. म्हणाला, "बाई, ही मूठ उघडंल न्हवं?"

राहीबाई म्हणाली, "उघडंल न्हाई तर! पैका धरलाय तिनं मुठीत, लग्नात सोडंल." आणि दोघं हसली.

जाताना त्याने माझी सायकल बघितली. मागचं चाक पंक्चर होतं. त्याने ते काढून दिलं, आणि मी पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला. "पोरगी तुमी वाचवली. तुमच्याकडनं घेऊ व्हय?"

मुक्ता, तू मला शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं.

गेला महिनाभर आम्ही पिशवी अशी देतो. दोन बोटांनी दाबायची, छाती जेमतेम हलेल एवढीच. दुसऱ्या हाताची बोटं टाळूवर अलगद ठेवायची. टाळू वर यायला लागली की सोडायचं, थांबायचं, मग पुन्हा. रंग निळसर वाटला तर स्वतः जोर करायचा नाही, आम्हाला हाक मारायची. नातेवाइकांना हे पटकन येतं. टाळूवर हात ठेवायला आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही, त्या तो ठेवतातच. आजवर आम्ही तो उचलायला लावत होतो. त्यानंतर दोन बाळं अशी आली. एक गेलं, ते फारच लहान होतं. एक आईजवळ आहे, आणि त्याच्या दोन्ही मुठी उघडतात. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तू लिहायच्या आत मीच लिहिलं.

रेबेका


पारनेर,
१६ एप्रिल १९७३

मुक्ता,

तुझं पत्र मिळालं, या वेळी माझ्या नावाचं. दयाबाईंनी ते न फोडता माझ्या टेबलावर ठेवलं. ते वाचताना मी कुठे उठले नाही.

तू जूनमध्ये परत येते आहेस, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथे रक्तातले वायू मोजायची प्रयोगशाळा आहे, वीज आहे, आणि बाळांसाठी यंत्र नाही. हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे लगेच विचारलंस, पारनेरला पाण्याचं कसं आहे. तू यंत्र मागितलं नाहीस. मागितलं असतंस तर मी दिलं नसतं, हे तुला माहीत असणार. तू मला फार चांगली ओळखतेस, आणि त्याचाही मला राग येतो.

यंत्र माझ्याकडे राहिलं तर त्यावर माझं नाव राहील. एखाद्या दिवशी मी ते कोणाच्या तरी मुलीला लावीन, कारण ते दारात असेल आणि अण्णा चर्चमध्ये बोलून बसले आहेत. तिची टाळू कोण बघणार? वीज गेली तर? मी स्वतःला ओळखते. मी लावीनच.

यंत्र तुझ्याकडे पाठवायचं, हे अण्णांना मी घरी जाऊन सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पुण्याला चांगलं चालेल का?"

"चालेल."

"मग मंडळीला मी सांगतो. तू नको उभी राहूस." रविवारी ते खरंच उभे राहिले. म्हणाले, आमच्या रेबेकाने ते तपासलं आणि पुढे पाठवायचं ठरवलं. 'तपासलं' या शब्दावर त्यांनी जोर दिला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे चालवता नाय आलं." अण्णांनी ऐकलं नाही असं केलं. मी पण.

दयाबाईंनी परदेशच्या मंडळीची परवानगी तारेने मागवून घेतली. खोकं बांधायला मी सहादेवला बोलावलं. त्याच्याकडे हातोडी आहे, आणि मला त्याच्याशी बोलायचं होतं. फळ्या बसवून झाल्या. तो खिळे ठोकत होता. राहीबाई नातीला मांडीवर घेऊन सावलीत बसली होती. मी म्हणाले, "आजी, तुम्ही मला टाळूचं विचारलं होतं. मी तुम्हाला बाहेर बसवलं होतं."

"व्हय, बसवलं की. थंडी हुती."

मी त्यांना पाटाचं सांगितलं. पुढे दार लावलं की मागे तुंबतं. त्यांना ते लगेच कळलं. उन्हाळी कामाला त्या राहुरीकडे पाटावर गेल्या आहेत. मग मी सहादेवला सांगितलं, की जोर जास्त झाला होता, आणि तिची मूठ बहुधा त्यानेच अशी झाली आहे. पिशवी नसती तर ती गेली असती, तेही सांगितलं. पण एवढ्या जोराची गरज नव्हती.

त्याची हातोडी थांबली. "म्हंजे माज्या हातानं?"

"माझ्या सांगण्यावरून. तू पंप म्हणालास आणि मी हो म्हणाले."

राहीबाईने मुलीची मूठ आपल्या हातात घेतली आणि पदराखाली झाकली. सहादेवने उरलेले खिळे ठोकले, एकेक, हळू. शेवटी म्हणाला, "आता त्या पुण्याच्या बाई तरी हळू भरतील न्हवं?" मी म्हणाले, त्या शिकून आल्या आहेत. तो म्हणाला, "शिकल्याल्या तर तुमी बी हुता." आणि हातोडी पिशवीत घालून, मुलीला कडेवर घेऊन निघाला. माझ्याकडे बघितलं नाही. तिला जूनमध्ये पुण्याला तुझ्याकडे दाखवायला ने म्हणून मी मागून सांगितलं. येतो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. आला तर मुलीला नीट बघ. तिचं नाव कृष्णा ठेवलं आहे.

खोक्यावर नाव मी स्वतः लिहिलं, डांबरात ब्रश बुडवून: डॉ. मुक्ता रंगनाथ धनवटे, पुणे. ते लिहितानाही मी जळत होते. वाटलं होतं, असं काही केलं की माणूस मोकळं होतं. तसं झालं नाही. तू त्या यंत्राजवळ उभी राहशील, कोणीतरी फोटो काढेल, आणि दयाबाई तो भिंतीवर लावतील. लावू देत. मात्र या वेळी त्यांनी कपाटावरची माझी पदवी खाली उतरवून खिळा शोधला, आणि तुझ्या शेजारी ठोकला. सरळ बसलेली नाही, जरा तिरकी आहे.

ट्रक काल सकाळीच गेला. सुपा, शिरूर करत एव्हाना पुण्यात तुझ्या दवाखान्यात पोचला असेल. तुला आधी विचारायला हवं होतं, निदान कळवायला. पण मला माझा भरवसा नव्हता. म्हणून आधी खोकं पाठवलं, आणि ते दिसेनासं झाल्यावर हे पत्र लिहायला बसले.

रेबी